प्रकृतीच्या कारणास्तव स्वेच्छानिवृत्ती : वैद्यकीय सल्ल्याचे स्थान आणि निर्णयाचा क्रम

प्रस्तावना

महाराष्ट्रातील महाविद्यालयीन अध्यापकाचे नियत निवृत्तिवय ६० वर्षे आहे. पदव्युत्तर शिक्षण, नेट अथवा सेट, एम.फिल. वा पीएच.डी. आणि त्यानंतरची तासिका तत्त्वावरील काही वर्षे हा सर्व प्रवास लक्षात घेता पूर्णवेळ नियुक्ती मिळेपर्यंत बहुतेकांची तिशी आलेली असते. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ मधील नियम ६६ नुसार २० वर्षांची अर्हताकारी सेवा पूर्ण झाल्यावर तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छेने निवृत्त होता येते. म्हणजे हा हक्क अध्यापकाच्या हाती येतो तो साधारणतः पन्नाशीच्या उंबरठ्यावर. मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयविकार, मानेचे व कमरेचे विकार हेही आपल्याकडे याच वयात ठळकपणे डोके वर काढतात. निवृत्त होण्याचा हक्क आणि निवृत्त होण्याचे कारण अशा रीतीने एकाच वेळी दारात उभे राहतात, आणि ‘प्रकृतीच्या कारणास्तव’ या शब्दांनी सुरू होणारा चार ओळींचा अर्ज कार्यालयात दाखल होतो.

या चार ओळी लिहिण्यापूर्वी बहुधा एकच प्रश्न विचारला गेलेला असतो : ‘डॉक्टर काय म्हणाले?’ प्रश्न रास्त आहे. परंतु तो अपुरा आहे. डॉक्टर आजाराविषयी बोलतात, अर्ज मात्र नोकरीविषयी असतो. या दोहोंमधील अंतर कसे भरून काढावे, वैद्यकीय सल्ल्यातून नेमके काय घ्यावे आणि कोणत्या बाबी डॉक्टरांच्या कक्षेबाहेर आहेत, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

‘दगदग कमी करा’ या सल्ल्याचा अर्थ

मराठी रुग्ण आणि मराठी डॉक्टर यांच्या संभाषणात ‘दगदग’ हा शब्द हमखास येतो. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला असो, रक्तदाब आटोक्यात येत नसो किंवा पाठीच्या मणक्यांत दोष आढळलेला असो, सल्ला ‘दगदग कमी करा’ असाच असतो. सल्ला देणाऱ्याच्या मनात कदाचित रात्रीचे जागरण असते, जिने चढणे असते किंवा रोजचा दोन तासांचा बसप्रवास असतो. ऐकणारा मात्र तो संपूर्ण नोकरीला लावतो. घरी पोहोचेपर्यंत ‘दगदग कमी करा’चे ‘डॉक्टरांनी नोकरी सोडायला सांगितली’ असे रूपांतर झालेले असते. यात कुणाचा लबाडीचा हेतू नसतो. भ्यालेला माणूस आणि त्याचे कुटुंबीय मोघम वाक्याचा सर्वांत सुरक्षित वाटणारा अर्थ घेतात, इतकेच.

यावर उपाय असा की, प्रश्नच निराळा विचारावा. मोठ्या कारखान्यांत कामगाराच्या कामाची पाहणी करून मत देणारा वैद्यक नेमलेला असतो. महाविद्यालयात तशी व्यवस्था नाही. अध्यापकाचे काम काय असते, हे डॉक्टरांना अध्यापकानेच सांगावे लागते. ‘प्राध्यापक आहे’ एवढे सांगितल्यास डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर बहुधा खुर्चीत बसून वाचणारा गृहस्थ येतो, किंवा उलट, शंभर विद्यार्थ्यांसमोर तासन् तास उभा राहून बोलणारा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांप्रमाणे पूर्णवेळ अध्यापकाचा कार्यभार आठवड्यास ४० तासांचा असून त्यांपैकी प्रत्यक्ष अध्यापन सहायक प्राध्यापकास १६ तास, तर सहयोगी प्राध्यापक व प्राध्यापक यांना १४ तास आहे. उरलेल्या वेळात उत्तरपत्रिका, परीक्षा-पर्यवेक्षण, प्रवेश समिती, नॅकचे दस्तऐवज, राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर आणि बैठका येतात. त्याशिवाय जाण्यायेण्याचा प्रवास आहेच. हे सर्व एका कागदावर लिहून तो डॉक्टरांपुढे ठेवल्यास सल्ल्याचे स्वरूपच बदलते. ‘नोकरी करता येईल का?’ या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच मिळते. ‘यांतील कोणते काम, किती काळ, कोणत्या सोयीने करता येईल?’ या प्रश्नाचे उत्तर मात्र उपयोगाचे असते.

आवाजाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. अनेक वर्षे मोठ्या वर्गात उंच स्वरात शिकविणाऱ्या अध्यापकांच्या स्वरतंतूंवर गाठी येतात, आवाज बसतो आणि व्याख्यान देणे अशक्य होते. शिकविता येत नसेल तर नोकरी कशासाठी, असा विचार येणे स्वाभाविक आहे. परंतु अशा गाठी पुष्कळदा आवाजाची विश्रांती आणि वाचा-उपचार यांनी कमी होतात, आणि वर्गात ध्वनिक्षेपक असल्यास त्या पुन्हा होण्याचा धोका घटतो. काही हजार रुपयांच्या ध्वनिक्षेपकाने जो प्रश्न सुटू शकतो, त्यासाठी दहा वर्षांची सेवा सोडून देणे हा महागडा उपचार म्हणावा लागेल.

डॉक्टरांना विचारावयाची दुसरी गोष्ट म्हणजे आजाराची वाटचाल. अचानक उद्भवून बऱ्या होणाऱ्या, औषधांनी आटोक्यात राहणाऱ्या आणि हळूहळू वाढत जाणाऱ्या आजारांचे निवृत्तीच्या प्रश्नाशी असलेले नाते वेगवेगळे आहे. गुंतागुंत न झालेल्या हृदयविकाराच्या झटक्यानंतर बैठे काम करणारी माणसे पुष्कळदा काही आठवड्यांतच कामावर परततात. मधुमेहासाठी नोकरी सोडण्याचे कारण सहसा नसते; नियमित जेवण, चालणे आणि वेळेवर औषध यांसाठी दिनक्रम बदलण्याचे कारण मात्र असते. पार्किन्सनसारख्या आजारात पुढील पाच वर्षांचे चित्र आजच्यापेक्षा निराळे असणार हे गृहीत धरावे लागते. मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णास आठवड्यातून सामान्यतः तीन वेळा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास डायलिसिसवर राहावे लागते; तेथे प्रश्न शक्तीचा असतो तितकाच वेळापत्रकाचा असतो.

नैराश्याचा विचार स्वतंत्रपणे करणे आवश्यक आहे. हृदयविकाराच्या झटक्यानंतर साधारणतः पाचांपैकी एका रुग्णात नैराश्य आढळते, आणि ते पुष्कळदा निदानावाचून राहते. नैराश्यात ‘आपला आता काही उपयोग नाही’ ही भावना आजाराचे लक्षण म्हणून जाणवत नाही. ती विचारपूर्वक काढलेल्या निष्कर्षासारखी वाटते. म्हणूनच उपचार सुरू होऊन त्यांचा परिणाम दिसेपर्यंत नोकरी, घर, विवाह यांविषयीचे न फिरविता येणारे निर्णय घेऊ नयेत, असे मानसोपचारतज्ज्ञ आवर्जून सांगतात. औषधांचा परिणाम दिसण्यास काही आठवडे लागतात. निवृत्तीचा अर्ज तेवढे थांबू शकतो.

निवृत्तीने प्रकृती सुधारते काय?

मुदतपूर्व निवृत्तीमागे एक गृहीत असते : काम थांबले की प्रकृती सुधारेल. या गृहीताची तपासणी परदेशांत झाली आहे. फ्रान्समधील राष्ट्रीय वीज व वायू कंपनीच्या सुमारे १४,७०० कर्मचाऱ्यांचा निवृत्तीपूर्वी व निवृत्तीनंतर अनेक वर्षे मागोवा घेणारा अभ्यास ‘द लॅन्सेट’मध्ये २००९ साली प्रसिद्ध झाला. आपली प्रकृती चांगली नाही असे सांगणाऱ्यांचे प्रमाण निवृत्तीपूर्वीच्या वर्षी १९.२ टक्के होते. निवृत्तीनंतरच्या वर्षी ते १४.३ टक्क्यांवर आले. ही सुधारणा ज्यांच्या कामाची परिस्थिती वाईट होती त्यांच्यात अधिक दिसली. ज्यांचे काम सर्व बाजूंनी समाधानकारक होते, त्यांच्यात ती दिसली नाही. याच कर्मचाऱ्यांवर आधारलेल्या आणि २०१० साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुढील अभ्यासात निवृत्तीनंतर शारीरिक व मानसिक थकवा आणि नैराश्याची लक्षणे कमी झाल्याचे आढळले, मधुमेह, हृदयविकार, पक्षाघात, श्वसनविकार या दीर्घकालीन आजारांच्या प्रमाणात मात्र तसा फरक पडला नाही.

उलट बाजूस, अमेरिकेतील टेक्सासमध्ये एका तेल कंपनीच्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यात ५५ व्या वर्षी निवृत्त होऊन ६५ व्या वर्षापर्यंत हयात असलेल्यांचा पुढील मृत्युदर ६५ व्या वर्षी निवृत्त झालेल्यांपेक्षा ३७ टक्क्यांनी अधिक आढळला. यावरून लवकर निवृत्त होणे घातक, असा अर्थ काढणे मात्र घाईचे ठरेल. जे आधीच आजारी होते तेच लवकर बाहेर पडले, हेही त्यामागील एक कारण आहे. प्रकृती बरी असलेलाच कामावर टिकतो, हा परिणाम अशा प्रत्येक आकडेवारीत मिसळलेला असतो आणि तो पूर्णपणे वेगळा काढणे अवघड असते.

या अभ्यासांतून मराठी अध्यापकास घेता येण्यासारखी गोष्ट इतकीच की, निवृत्ती हा थकव्यावरचा उपाय असू शकतो, रक्तवाहिन्यांवरचा नव्हे. कामाच्या जाचाने जीव मेटाकुटीला आला असेल, तर काम सुटल्यावर बरे वाटेल. हृदयाची झडप किंवा साखरेचे प्रमाण नोकरी सुटल्याने आपोआप सुधारत नाही.

येथे एक बाब नमूद करणे अगत्याचे आहे. निवृत्ती म्हणजे विश्रांती, हे समीकरण आपल्या घरांत पुरुषांच्या बाबतीत अर्धेमुर्धे खरे असते आणि स्त्रियांच्या बाबतीत क्वचितच. मुदतपूर्व निवृत्त झालेल्या प्राध्यापिकेकडे ‘आता घरीच आहे’ या एका वाक्याने वृद्ध सासूसासऱ्यांचे पथ्यपाणी, नातवंडांचे वेळापत्रक आणि पाहुण्यांचा राबता सोपविला जातो. ज्या पाठदुखीसाठी वर्ग सोडला, ती स्वयंपाकघरात आणि रुग्णसेवेत वाढते. डॉक्टरांपुढे कामाचा कागद ठेवताना निवृत्तीनंतरच्या दिवसाचाही कागद ठेवावा, असे म्हणणे त्यामुळे अतिशयोक्तीचे ठरू नये.

भगवान दास यांचे पत्र

सेवेत असताना आलेल्या अपंगत्वाविषयी कायदा काय म्हणतो, हे डॉक्टर सांगत नाहीत आणि कार्यालयही बहुधा सांगत नाही. या न सांगण्याची किंमत काय असते, हे एका सर्वोच्च न्यायालयीन निवाड्यातून कळते.

भगवान दास हे पंजाब राज्य विद्युत मंडळात सहायक लाइनमन होते. १९९४ साली, सेवेत असतानाच, त्यांची दृष्टी पूर्णपणे गेली. विजेच्या तारांवर काम करणाऱ्या माणसाला दिसेनासे झाल्यावर पुढे काय, याचे उत्तर त्यांना आणि त्यांच्या कुटुंबाला एकच सुचले. आपणास निवृत्त करावे आणि पत्नीला नोकरी द्यावी, अशी विनंती त्यांनी पत्राने केली. मंडळाने त्यांना निवृत्त केले. पत्नीस नोकरी दिली नाही. पुढे हे प्रकरण न्यायालयात गेले तेव्हा मंडळाचे म्हणणे असे होते की, कर्मचाऱ्याने स्वतःच निवृत्ती मागितली होती.

परंतु ते पत्र लिहिले गेले तेव्हा अपंग व्यक्तींसाठीचा १९९५ चा अधिनियम अमलात आलेला होता. त्याच्या कलम ४७ नुसार सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्यास शासकीय आस्थापनेने कामावरून कमी करावयाचे नव्हते. पूर्वीचे काम जमत नसल्यास तीच वेतनश्रेणी व सेवालाभ कायम ठेवून दुसरे पद द्यावयाचे होते, आणि तसे पद उपलब्ध नसल्यास अधिसंख्य पदावर ठेवावयाचे होते. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली भगवान दास यांच्या बाजूने निकाल दिला. आपल्याला कायद्याचे असे संरक्षण आहे हे या कर्मचाऱ्यास ठाऊक नव्हते आणि ते त्यास समजावून सांगणे वरिष्ठांचे कर्तव्य होते, असे न्यायालयाने मानले. असहायतेतून लिहिलेल्या पत्राच्या आधारे त्यास सेवेतून दूर करणे न्यायालयास मान्य झाले नाही. तत्पूर्वी, २००३ साली, कुणाल सिंग यांच्या प्रकरणातही याच न्यायालयाने रुग्णता निवृत्तिवेतन मंजूर झाले आहे एवढ्या कारणाने कलम ४७ चे संरक्षण नाहीसे होत नाही, असा निर्णय दिला होता. कुणाल सिंग हे एका केंद्रीय दलातील शिपाई होते व दुखापतीमुळे त्यांचा पाय कापावा लागला होता.

१९९५ च्या अधिनियमाची जागा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने घेतली असून हे संरक्षण आता त्याच्या कलम २०(४) मध्ये आहे. ‘शासकीय आस्थापना’ या संज्ञेत शासनाचे साहाय्य मिळणाऱ्या संस्थाही येतात. त्यामुळे अनुदानित महाविद्यालयातील अध्यापकास हे कलम परके नाही. अधिनियमाच्या अनुसूचीत दृष्टिदोष, श्रवणदोष, चलनवलनविषयक अपंगत्व, पार्किन्सन, मल्टिपल स्क्लेरॉसिस, मानसिक आजार यांचा समावेश आहे. स्वरयंत्र काढून टाकल्याने किंवा मेंदूच्या विकाराने वाचेवर कायमचा परिणाम झाला असल्यास त्याचाही समावेश आहे, आणि अध्यापकांच्या दृष्टीने ही नोंद महत्त्वाची आहे. मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयविकार, कर्करोग मात्र या यादीत नावाने नाहीत. या आजारांमुळे पुढे पाय, दृष्टी वा वाचा गेल्यासच प्रश्न अधिनियमाच्या कक्षेत येतो.

अर्जाच्या भाषेविषयीही एक गैरसमज दूर करणे जरूर आहे. नियम ६६ खालील स्वेच्छानिवृत्तीस वैद्यकीय कारणाची आवश्यकता नाही. ‘प्रकृतीच्या कारणास्तव’ असे लिहिल्याने तीत अधिक लाभ मिळत नाही. रुग्णता निवृत्तिवेतनाचा मार्ग वेगळा आहे. कर्मचारी पुढील सेवेसाठी कायमचा असमर्थ आहे, असे सक्षम वैद्यकीय प्राधिकाऱ्याचे प्रमाणपत्र त्यासाठी लागते, आणि २० वर्षे सेवेची अट तेथे नसते. कुटुंबातील डॉक्टरांनी दिलेले ‘विश्रांतीची गरज आहे’ हे पत्र या दोहोंपैकी कोणत्याही मार्गास पुरेसे नाही. त्यातून रजा मात्र मिळू शकते.

रजा आणि पैसा

रजेचा विचार निवृत्तीच्या आधी व्हावा, हे इतके साधे आहे की ते सहज विसरले जाते. पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षासाठी २० दिवसांची अर्धपगारी रजा जमा होते. ती न वापरल्यास २० वर्षांत ४०० दिवस होतात. वैद्यकीय प्रमाणपत्रावर तिचे परिवर्तित रजेत रूपांतर केल्यास हिशेबाने २०० दिवसांची पूर्ण पगारी रजा मिळते. खेरीज अर्जित रजा व असाधारण रजा आहेच. दीर्घ रजा ही निवृत्तीची रंगीत तालीमही ठरते. सहा महिने घरी राहून प्रकृती खरोखर सुधारली का, घरात विश्रांती मिळाली का, हे तीत कळते, आणि परतीचा रस्ता बंद होत नाही.

पैशाच्या बाजूचे गणित थोडक्यात असे. वार्षिक वेतनवाढ ३ टक्के धरल्यास ५० व्या वर्षी निवृत्त होणाऱ्याचे मूळ वेतन ६० व्या वर्षी मिळू शकले असते त्याहून फार मागे राहते. दहा वेतनवाढींनी ते सुमारे ३४ टक्के वाढले असते, आणि वेतन आयोग किंवा पदोन्नती यांचा परिणाम यात धरलेला नाही. निवृत्तिवेतन अखेरच्या वेतनावर ठरत असल्याने ही तूट आयुष्यभर सोबत राहते. १ नोव्हेंबर २००५ रोजी वा त्यानंतर नियुक्त झालेल्यांचा हिशेब राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणालीचा असून तेथे मुदतपूर्व बाहेर पडल्यास जमा रकमेचा मोठा हिस्सा वार्षिकी घेण्यात गुंतवावा लागतो. हाती येणारी रोख रक्कम त्यामुळे अपेक्षेपेक्षा बरीच कमी असते. या वर्गातील ज्येष्ठ अध्यापकांची वीस वर्षे आता पूर्ण होऊ लागली आहेत, हे ध्यानात घ्यावे.

आरोग्य विम्याची बाब याहून तातडीची आहे. प्रकृती बिघडल्यावर नोकरी सोडणारा माणूस विम्यासाठी सर्वांत प्रतिकूल वेळी बाहेर पडतो. १ एप्रिल २०२४ पासून अगोदरपासून असलेल्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाल जास्तीत जास्त ३६ महिने करण्यात आला. पूर्वी तो ४८ महिने होता. सवलत खरी, पण ज्या आजारासाठी निवृत्ती घेतली त्याच आजाराचा खर्च नव्या विम्यातून पहिली तीन वर्षे मिळणार नाही, असा तिचा अर्थ होतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे संरक्षण कुटुंबास वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत असले, तरी ते ठरलेल्या उपचारांसाठी व अंगीकृत रुग्णालयांतच मिळते. महिनोन् महिने चालणाऱ्या गोळ्याऔषधांचा खर्च त्यात भागत नाही. वयाच्या सत्तरीनंतरची आयुष्मान योजना पन्नाशीतील माणसास वीस वर्षे दूर आहे. तेव्हा वैयक्तिक विमा काढावयाचा असल्यास तो सेवेत असतानाच काढून प्रतीक्षाकाल सेवेतच संपवावा, हे व्यवहार्य होय.

निवृत्त होणेच योग्य असते तेव्हा

वरील विवेचनाचा रोख निवृत्तीच्या विरुद्ध आहे असे वाटण्याचा संभव आहे. तसा तो नाही. आजार वाढत जाणारा आहे, डॉक्टरांनी पुढील काही वर्षांचे चित्र स्पष्ट सांगितले आहे, रजा संपत आली आहे, कामात शक्य ते बदल करून पाहिले आहेत आणि तरीही प्रत्येक संध्याकाळ उशीवर डोके टेकण्यापुरतीच उरते, अशी स्थिती असेल, तर साठीपर्यंत रेटण्यात शहाणपण नाही. कर्करोगाच्या उपचारांनंतरचा थकवा पुष्कळांना महिनोन् महिने, काहींना वर्षानुवर्षे पुरतो. अशा माणसाने उरलेली ताकद पर्यवेक्षणाच्या फेऱ्यांत खर्च करावी की आप्तांच्या सहवासात आणि अपुऱ्या राहिलेल्या लेखनात, हे ठरविण्याचा अधिकार सर्वस्वी त्याचा आहे. ‘अजून दहा वर्षे होती’ असे हळहळणाऱ्या सहकाऱ्यांना तो अधिकार नाही. वेतनवाढीच्या गणितालाही नाही. अध्यापकवर्गात आजारपण लपवून शेवटच्या दिवसापर्यंत उभे राहण्याचे जे कौतुक होते, त्याचा या निर्णयावर भार पडू देऊ नये.

अर्ज दिल्यानंतरही काही काळ हाती असतो, ही गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. तीन महिन्यांच्या नोटिशीचा काळ हा प्रशासनाच्या सोयीसाठी असला तरी कर्मचाऱ्यासही तो विचार बदलण्याची संधी देतो. बलराम गुप्ता यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली, सहकाऱ्यांच्या आग्रहावरून निवृत्तीची नोटीस मुदतीपूर्वी मागे घेणाऱ्या केंद्रीय कर्मचाऱ्यास ती मागे घेऊ द्यावयास हवी होती, असा निर्णय दिला. नोटीस मागे घेण्यास नियुक्ती प्राधिकाऱ्याची संमती लागते आणि त्यासाठीचा अर्ज निवृत्ती अमलात येण्याच्या दिनांकापूर्वी द्यावा लागतो. त्या दिनांकानंतर, प्रकृती कितीही सुधारली तरी, त्याच पदावर परत येण्याची तरतूद नियम ६६ मध्ये नाही.